शून्य कधी लावलं? एका तेलवाहू जहाजाच्या ताणमापनाचं प्रकरण

सोमवारी कानबाईचं विसर्जन करून आम्ही बोरी नदीवरून परतलो. दुपारी रोट-खीर झाल्यावर पुतण्याने लॅपटॉप ओट्यावर आणून ठेवला. तो टँकरवर चीफ ऑफिसर आहे. जुलैच्या मध्यात गुजरातमधल्या वाडीनार बंदरात जहाजावरून उतरला, सुरतमार्गे गाडीने अमळनेरला आला आणि त्याच्या मागोमाग कंपनीचं पत्र आलं. जहाजाच्या सांगाड्यावरचा ताण मोजणाऱ्या यंत्रणेची इशाऱ्याची मर्यादा कोणाच्या परवानगीने वाढवली, एवढंच त्यात विचारलं होतं. लेखी खुलासा पंधरा दिवसांत द्यायचा होता.

माझी सत्तावीस वर्षं जहाजांवर गेली आणि त्यानंतरची काही किनाऱ्यावरच्या कार्यालयात. असे खुलासे मी लिहिले आहेत आणि मागवलेही आहेत. या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपत होतं: मर्यादा त्याने वाढवली, कॅप्टनला तोंडी विचारून. पण त्याच्याकडे सव्वादोन महिन्यांच्या नोंदी होत्या, दर पाच मिनिटांची सरासरी, सर्वाधिक आणि सर्वांत कमी आकडा. त्या उघडल्यावर लक्षात आलं, की पत्रातला प्रश्न या प्रकरणातला सगळ्यात लहान प्रश्न आहे. तीन दिवस आम्ही त्या आकड्यांशी बसलो. जहाजाचं, कंपनीचं किंवा कोणाचंही नाव देत नाही. आकडे नोंदींतलेच आहेत, फक्त जवळच्या पूर्णांकात घेतले आहेत.

जहाज वाकतं म्हणजे काय

जहाज सुएझमॅक्स वर्गातलं (भरलेल्या स्थितीत सुएझ कालव्यातून जाऊ शकणाऱ्या मोठ्यात मोठ्या आकाराचं), दुहेरी तळाचं आणि दुहेरी कुशीचं (कूस म्हणजे जहाजाची बाजू), लांबी २७४ मीटर, रुंदी ४८ मीटर. एवढा लांब पोलादी डबा पाण्यावर ठेवला की तो सरळ राहत नाही. पाणी त्याला खालून उचलतं आणि आतलं वजन त्याला खाली दाबतं. ही दोन्ही बळं प्रत्येक ठिकाणी सारखी नसतात, म्हणून जहाज वाकतं. पुढे-मागे वजन जास्त आणि मध्ये कमी असेल, तर खांद्यावरच्या कावडीसारखी दोन्ही टोकं खाली जातात आणि पाठ वर येते. याला हॉगिंग म्हणतात. मध्ये वजन जास्त असेल, तर सुतळीच्या खाटेवर माणूस बसल्यासारखं पोट खाली जातं. हे सॅगिंग. हॉगिंगमध्ये डेक ताणला जातो, सॅगिंगमध्ये तो दाबला जातो. टँकर तेलाने भरलेला असला की तो बहुधा सॅगिंगमध्ये असतो. तेल उतरवून नुसतं बॅलास्टचं पाणी (रिकामं जहाज तोलून धरण्यासाठी टाक्यांत घेतलेलं) घेऊन निघाला की हॉगिंगमध्ये जातो. पुढची सगळी गोष्ट या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून ती लक्षात ठेवावी.

शांत पाण्यातलं हे वाकणं लोडिंग कॉम्प्युटर हिशेब करून सांगतो. कोणत्या टाकीत किती तेल, किती पाणी, हे भरलं की कोणत्या ठिकाणी किती बाक येईल आणि तो परवानगीच्या किती टक्के आहे, ते पडद्यावर येतं. या हिशेबाकडे दुर्लक्ष झालं तर लाटेचीही गरज लागत नाही. १९८० साली 'एनर्जी कॉन्सन्ट्रेशन' हा अवाढव्य टँकर रॉटरडॅमच्या बंदरात धक्क्याला लागलेला असताना, तेल उतरवता उतरवता मध्येच मोडला. टाक्या रिकाम्या करण्याचा क्रम चुकला होता. पाणी शांत होतं.

लाटांमुळे येणारा बाक याच्यावर चढतो. तो आधी नेमका सांगता येत नाही, मोजावाच लागतो. त्यासाठी डेकवर स्ट्रेन गेज बसवतात. या जहाजावर असे चार होते: जहाजाच्या मध्यावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक, पुढच्या चतुर्थांशावर एक, मागच्या चतुर्थांशावर एक. शिवाय नाळेजवळ, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, आदळणं मोजणारा एक्सेलरोमीटर. १९९४ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०,००० टन आणि त्यावरच्या सुट्या मालाच्या जहाजांवर अशी यंत्रणा बसवावी अशी शिफारस केली. टँकरवर ती मालकाच्या इच्छेने बसते.

गेज दिसायला अगदी साधं असतं. डेकवर एक लांबट पेटी. तिच्यात सुमारे दोन मीटरचा पोलादी दांडा, एक टोक डेकला पक्कं, दुसरं मोकळं. डेक ताणला किंवा दबला की मोकळ्या टोकापाशी अंतर बदलतं आणि ते अंतर सेन्सर वाचतो. अंतर किती? या डेकचं पोलाद एएच-३२ जातीचं, म्हणजे त्याची नमनमर्यादा (ज्यापलीकडे पोलाद कायमचं वाकतं तो ताण) ३१५ मेगापास्कल (ताण मोजण्याचं एकक), आणि नियमाने डेकवर परवानगी सुमारे २२४ मेगापास्कलची. ही पूर्ण परवानगी वापरली गेली, तरी दोन मीटरच्या दांड्यापाशी फरक पडतो तो सुमारे २.२ मिलिमीटर. एक लाख तीस-चाळीस हजार टन तेल घेऊन जाणाऱ्या जहाजाची सुरक्षितता आपण गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढ्या अंतरात वाचत असतो. तिथे मिलिमीटरच्या दशांशाची चूकही चालत नाही.

दुपारची घंटा

जहाज मे महिन्यात वाडीनारला तेल उतरवून बॅलास्टमध्ये निघालं, आफ्रिकेला वळसा घालून नायजेरियाच्या बॉनीला गेलं. जूनच्या मध्यात तिथे तेल भरून पुन्हा केप ऑफ गुड होपमार्गे भारताकडे निघालं. अशा फेरीला तीन-साडेतीन आठवडे लागतात.

बॉनी सोडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, घंटा वाजली. समुद्र शांत. मध्यावरचा डावा गेज उणे १५९ दाखवत होता. उणे म्हणजे डेक दबलेला. पहिला इशारा परवानगीच्या ७० टक्क्यांना, म्हणजे १५७ ला लावलेला होता आणि शेवटचा ९० टक्क्यांना. संध्याकाळी आकडा खाली आला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

पहाऱ्यावरच्या सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला: ऊन. डेक तापतो, पोलाद वाढतं, गेज भरकटतो. चौथ्या दिवशी पुतण्याने कॅप्टनला विचारलं आणि पहिला इशारा ७० वरून ९० टक्क्यांवर नेऊन ठेवला. घंटा थांबली.

हे सांगून तो गप्प बसला. माझे मोठे बंधू, म्हणजे त्याचे वडील, बाजूला खुर्चीवर ऐकत होते. दादांनी चौतीस वर्षं रेल्वेत कीमनचं काम केलं. अमळनेर ते धरणगावच्या पट्ट्यात रोज हातोडा आणि पाना घेऊन रुळांवरून चालत. ते म्हणाले, "ऊन शे म्हनीसन पेट्रोलिंग बंद करतस का कोनी?"

हे त्यांनी टोचून म्हटलेलं नव्हतं. रेल्वेत नियम खरोखरच उलटा आहे. लांब जोडलेला रूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवला, त्याच्यापेक्षा २० अंशांहून जास्त तापला की गरम हवेची खास गस्त सुरू करावी लागते. खानदेशात हवाच ४४-४५ अंशांवर जाते आणि रूळ साठीच्या पुढे. सांधे असलेल्या जुन्या रुळांत फटी असत. तापलं की रूळ वाढायचा, फट बुजायची, माणसाला डोळ्यांनी दिसायचं. लांब जोडलेल्या रुळाचा मधला भाग मात्र हलत नाही. त्याला वाढायचं असतं, पण स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात. मग सगळी वाढ दाबात बदलते. डोळ्यांना काही दिसत नाही आणि एखाद्या दुपारी रूळ बाजूला सापासारखा वळतो.

पोलादाचं हे गणित रुळालाही तेच आणि जहाजालाही तेच. एक अंश तापमान वाढलं तर पोलाद मीटरमागे १२ मायक्रोमीटर वाढतं. मोकळं सोडलं तर ताण शून्य. पूर्ण जखडलं तर दर अंशाला सुमारे अडीच मेगापास्कल दाब. म्हणजे पोलाद लांबलेलं दिसतं तेव्हा त्यात ताण नसू शकतो, आणि जागचं हलत नाही तेव्हा त्यात भरपूर असू शकतो. "ऊन आहे" हे उत्तर म्हणूनच अपुरं आहे. उन्हाने डेकवर खरा दाब येतो, कारण तापलेल्या डेकला थंड पाण्यातला तळ आणि कूस वाढू देत नाहीत. आणि उन्हाने गेज चुकतोही. दोन्ही एकाच वेळी घडतं. किती खरं आणि किती खोटं, हे वेगळं करावं लागतं.

ते वेगळं करायचं साधन नोंदींत होतंच: उजवा गेज. त्याच दिवशी, त्याच वेळी, त्याच मध्यावर तो उणे १२२ दाखवत होता. रात्री दोन्ही गेज उणे ११० वर एकत्र यायचे. म्हणजे उन्हामुळे दोन्हीकडे खरा दाब १२ ने वाढत होता आणि डावीकडे त्याच्यावर आणखी ३७ चढत होते. जहाज शांत पाण्यात मध्यावर डावीकडे एवढं वेगळं वाकू शकत नाही. हे ३७ गेजचे स्वतःचे होते.

कशामुळे, ते पुतण्याला आठवलं. बॉनीच्या नांगरावर असताना डेकच्या त्या भागात गंज खरवडून रंग दिला होता. पेटीवर उन्हासाठी पत्र्याचं एक छोटं छप्पर असतं, ते रंगासाठी काढलं. परत बसवलंच नाही. वाडीनारला पोचल्यावर बोसनच्या (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या) कोठीत रंगाच्या डब्यांमागे सापडलं. छपराशिवाय पेटी तव्यासारखी तापायची, आतला दांडा डेकपेक्षा पंधरा अंशांनी जास्त गरम व्हायचा. दोन मीटरचा दांडा पंधरा अंशांनी वाढला तर ०.३६ मिलिमीटर लांबतो. सेन्सरला वाटतं डेकच आखडला. हिशेब केला: ३७ मेगापास्कल. आकडा जुळला तेव्हा तिघांनाही बरं वाटलं. पत्र्याचा एक तुकडा जागेवर नव्हता, म्हणून जहाजाची घंटा बंद करण्यात आली होती.

उणे ११० कुठून आलं

इथे प्रकरण मिटलं असं मला वाटलं होतं. खुलाशाचा मसुदा मी मनात लिहायलाही घेतला. दादांनी मात्र विचारलं, "हाई शून्य कव्हय लावं?"

त्यांना रुळाचं ताणमुक्तीचं तापमान विचारायचं होतं. त्यांच्या कामात पहिला प्रश्न तोच. रूळ आज किती तापलाय हे थर्मामीटर सांगतो, पण तो बसवला तेव्हा किती तापलेला होता हे माहीत नसेल तर आजच्या आकड्याला अर्थ नाही. पुतण्याने सर्व्हिसचा अहवाल काढला. मेमध्ये वाडीनारहून निघण्याआधी, तेल उतरवून झाल्यावर, नांगरावर असताना तंत्रज्ञ आला होता. संध्याकाळी सात वाजता, उन्हं गेल्यावर, चारही गेजचं शून्य त्याने नव्याने लावलं. खाली पुतण्याची सही.

"तापमान ठीक," दादा म्हणाले. आणि माझं लक्ष त्या अहवालातल्या एका रकान्यावर गेलं. शून्य लावताना जहाजाची स्थिती: बॅलास्ट. भरलेला आकडा: ०.

बॅलास्टमध्ये जहाज हॉगिंगमध्ये असतं, हे वर सांगितलं. त्या संध्याकाळी लोडिंग कॉम्प्युटरच्या हिशेबाने मध्यावरच्या डेकवर अधिक ६० मेगापास्कल ताण होता. यंत्रणेत शांत पाण्यातला तो हिशेबाचा आकडाच भरायचा असतो, म्हणजे गेज अधिक ६० पासून मोजायला लागतो. तंत्रज्ञाने अधिक ६० ला शून्य म्हटलं. तराजूत टोपली ठेवून काटा शून्यावर आणला आणि टोपली कोणाला सांगितलीच नाही, तसं झालं. तेव्हापासून गेजचा प्रत्येक आकडा ६० ने खाली होता.

बॉनीला तेल भरल्यावर जहाज सॅगिंगमध्ये गेलं. लोडिंग कॉम्प्युटर म्हणत होता उणे ५०. गेज म्हणत होता उणे ११०. दोन पडदे एकाच कार्गो कंट्रोल रूममध्ये, हातभर अंतरावर. दोघांत साठचा फरक, आणि महिनाभर कोणी तो वाचला नाही. मी पुतण्याला विचारलं, का नाही बघितलं? त्याने खरं सांगितलं. तंत्रज्ञाला न्यायला लाँच (छोटी बोट) खाली उभी होती, टाक्यांचं स्ट्रिपिंग (तळाशी उरलेलं तेल उपसणं) नुकतंच संपलं होतं, तो वीस तास जागा होता, सही केली. पुढे बॉनीला तेल भरताना लोडिंग कॉम्प्युटर बघत होता, कारण कागदावर तोच लागतो. ताणाचा पडदा घंटेपुरता.

मला यात त्याला एकट्याला दोष द्यावासा वाटत नाही. मी स्वतः चीफ इंजिनियर असताना किती सर्व्हिस अहवालांवर लाँच उभी असताना सह्या केल्या, ते मला माहीत आहे. पण त्या सहीचा परिणाम पुढे काय झाला ते पाहिलं, तेव्हा ओट्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

केपच्या आधीची रात्र

जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरलेलं जहाज केपच्या वायव्येला होतं. दक्षिण गोलार्धात हा ऐन हिवाळा. लाटांचा लांब फुगवटा येत होता, जवळजवळ समोरून. त्याचा आवर्तकाळ (एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचा वेळ) तेरा सेकंद. खोल समुद्रात तेरा सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे २६५ मीटर भरते, म्हणजे जहाजाच्या लांबीएवढी. वाकण्याच्या दृष्टीने याहून वाईट लाट नाही: शिखर मधोमध आलं की दोन्ही टोकं लोंबकळतात, आणि काही सेकंदांनी शिखरं टोकांवर गेली की पोट लोंबकळतं.

मध्यरात्रीनंतरचा पहारा सेकंड ऑफिसरचा. मुलगी अवघ्या सव्वीस वर्षांची. या प्रकरणात सगळ्यात नीट काम कोणी केलं असेल तर तिने. घंटा वाजत नव्हती, कारण मर्यादा वर नेलेली होती. तरी तिने पडदा उघडला आणि सरासरी सोडून आलेखाची वरची आणि खालची टोकं बघितली. उणे ३० ते उणे १९०. दर झोक्याला १६० मेगापास्कलचा फरक. मग तिने उजवा गेज उघडला. तिथेही १६०. तिने कॅप्टनला उठवलं.

तिने जे केलं त्यामागचं शास्त्र इथे सांगायला हवं. शून्य चुकलेलं असेल तर सरासरी चुकते, वरचं टोक चुकतं, खालचं टोक चुकतं. दोन टोकांमधला फरक मात्र चुकत नाही, कारण साठची चूक दोन्हीकडून वजा होते. ऊन-सावलीही तेरा सेकंदांत बदलत नाही. आणि डावा-उजवा गेज एकच फरक दाखवत असतील, तर तो जहाजाचाच आहे. शून्याबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं. तरी तिने नेमका तोच आकडा धरला, ज्याला शून्याची गरज लागत नाही.

कॅप्टनने इंजिनाचे फेरे कमी केले, वेग बारा नॉटवरून आठवर आणला आणि जहाज वीस अंश वळवून लाट नाळेच्या बाजूला घेतली. अर्ध्या तासात फरक १६० वरून ११० वर आला. पहाटेपर्यंत तसंच चाललं.

आता खरे आकडे मांडू. पडद्यावर त्या रात्रीचं सर्वांत खालचं टोक उणे १९०, म्हणजे परवानगीच्या ८५ टक्के. साठची चूक काढली की उणे १३०, म्हणजे ५८ टक्के. जहाज पडद्यावर दिसत होतं त्याहून सुरक्षित होतं. वेग कमी करणं तरीही योग्यच होतं. १६० चा फरक हजारो झोके चालला तर वेल्डिंगच्या टोकांना थकवा येतो, आणि थकव्याला सरासरीपेक्षा फरकाशी जास्त देणंघेणं असतं. पण त्या रात्री डेक मोडण्याच्या जवळपासही नव्हता.

मग मी पुतण्याला म्हटलं, जातानाची फेरी उघड. बॅलास्टची.

जूनच्या पहिल्या आठवड्यात रिकामं जहाज केपला वळसा घालून वर चढत होतं. त्या दिवसांत एकदाही घंटा वाजली नव्हती आणि मर्यादा तेव्हा ७० टक्क्यांवरच होती. एका रात्री पडद्यावरचं सर्वाधिक टोक अधिक १०५. म्हणजे ४७ टक्के, हिरव्या रंगात. त्यात दडलेले ६० मिळवले: अधिक १६५. परवानगीच्या ७४ टक्के. इशारा त्या रात्री वाजायला हवा होता. कोणी वेग कमी केला नाही, वळण घेतलं नाही. जहाजाच्या रोजनिशीत त्या रात्रीपुढे फक्त हवामान लिहिलेलं आहे.

ज्या फेरीत घंटेने सगळ्यांना हैराण केलं, त्या फेरीत जहाज ठीक होतं. ज्या फेरीत यंत्रणा गप्प होती, त्या फेरीत डेक जास्त ताणलेला होता. आणि ताणलेला डेक दबलेल्या डेकपेक्षा मला जास्त घाबरवतो, कारण भेग असेल तर ती ताणात उघडते. दादांनी हे लगेच ओळखलं: उन्हाळ्यात रूळ वळतो, हिवाळ्याच्या पहाटे रूळ तुटतो. आखडणारा रूळ ताणात असतो आणि जुन्या खाचेपाशी फट् करून जातो. मी त्यांना 'शेनेक्टडी'ची हकिगत सांगितली. १६ जानेवारी १९४३ ची थंड रात्र, ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडचा शांत धक्का, नवाकोरा टँकर, आणि डेकपासून तडा जाऊन जहाज दुभंगलं. डेकवर त्या वेळी ताणच होता. पोलाद ठिसूळ निघालं, वेल्डिंगमध्ये दोष होते. दादा म्हणाले, आमच्याकडेही पहाटेच जातो.

यंत्रणा काय बघत नाही

पुतण्याने विचारलं, एवढा ताण झाला होता, मग कुठे काही सापडलं का? वाडीनारला तेल उतरल्यावर बॅलास्ट टाक्यांत उतरून त्याने आणि पंप फिटरने तपासलं होतं. डेकखालच्या लांब पट्ट्या, त्यांचे ब्रॅकेट, मध्यावरचे वेब फ्रेम. भेग सापडली नाही. ७४ टक्के ही मोडण्याची रेषा नाही, त्यामुळे न सापडणं अपेक्षितच होतं.

पण डेकवरचे चार गेज सगळं बघतात असंही कोणी समजू नये. ते संपूर्ण जहाज एका तुळईसारखं कसं वाकतं तेवढंच सांगतात. कुशीच्या पट्ट्यांवर, पाण्याच्या रेषेच्या आसपास, बाहेरून लाटेचा दाब दर काही सेकंदांनी चढतो-उतरतो. तिथला थकवा डेकच्या गेजला दिसत नाही. १९८० च्या दशकात जास्त मजबूत पोलाद वापरून पातळ केलेल्या काही मोठ्या टँकरांच्या कुशीत थोड्याच वर्षांत भेगा निघाल्या, त्या याच जागी. पोलाद मजबूत झालं की जास्त ताण सोसतं, पण वेल्डिंगच्या टोकाचा थकवा सोसण्याची ताकद तेवढी वाढत नाही. गंजाचंही तसंच. गेजला पत्रा किती झिजला ते कळत नाही. १९९९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यापुढे मोडलेला 'एरिका' आणि २००२ मध्ये स्पेनपुढे मोडलेला 'प्रेस्टीज', दोन्ही पाव शतक जुने होते. अशा जहाजावर विजेरी आणि हातोडा घेऊन टाकीत उतरणाऱ्या माणसाला पर्याय नाही. गेज असला तरी नाही.

खुलासा

बुधवारी रात्री आम्ही पत्र लिहिलं. मर्यादा त्याने वाढवली, कॅप्टनच्या तोंडी संमतीने, लेखी नोंद न करता, आणि हे चूक होतं, हे पहिल्या परिच्छेदात. दुसऱ्यात छपराची गोष्ट. तिसऱ्यात शून्याची, आणि सर्व्हिस अहवालावर आपली सही आहे हेही. चौथ्यात दोन्ही फेऱ्यांचे आकडे, पडद्यावरचे आणि सुधारलेले, शेजारी शेजारी. तिसरा परिच्छेद लिहू नकोस, त्यांनी विचारलेलं नाही, असं घरातल्या एकाने सुचवलं. पुतण्याने तो लिहिला. त्या कंपनीच्या दुसऱ्या जहाजांवरही तोच तंत्रज्ञ तशाच घाईत जात असेल, तर तिथेही कुठलं तरी जहाज आत्ता हिरव्या रंगात चाललं असेल, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

शेवटी त्याने काय करावं तेही लिहिलं, मोजक्या शब्दांत. शून्य पहाटे लावायचं, ऊन चढण्याआधी, शांत पाण्यात, आणि त्या वेळचा लोडिंग कॉम्प्युटरचा आकडा भरून. तेल भरून झाल्यावर दोन्ही पडद्यांचे आकडे एका ओळीत लिहायचे. बॅलास्ट आणि भरलेलं, अशा दोन्ही स्थितींत ते जुळले तरच शून्य खरं. घंटा त्रास देत असेल तर आधी जहाजाच्या दुसऱ्या बाजूचा गेज बघायचा. मर्यादा बदलायचीच झाली तर कॅप्टनची सही आणि किती तारखेपर्यंत, हे दोन्ही. आणि पहाऱ्याच्या रोजनिशीत दर चार तासांनी सरासरीबरोबर दोन टोकांमधला फरकही.

कंपनीकडून आठ दिवसांनी पोच आली. सगळ्या जहाजांना शून्य तपासायला सांगितल्याचं त्यात एका ओळीत होतं. पुतण्याला समज मिळाली, लेखी. ती त्याने जपून ठेवली आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या जागी गेलेल्या चीफ ऑफिसरचा निरोप आला, सोबत पडद्याचे दोन फोटो. रिकामं जहाज नांगरावर, पहाटे साडेचारची वेळ, समुद्र सपाट. लोडिंग कॉम्प्युटर अधिक ५८. डावा गेज अधिक ५८, उजवा अधिक ५८, कारण शून्य नुकतंच लावलं होतं. दुसरा फोटो त्याच दिवशी दुपारी तीनचा, छप्पर बसवल्यानंतर. डावा अधिक ४७, उजवा अधिक ४५.

पुतण्याने फोन दादांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले आणि विचारलं, तेल भरल्यावरचा फोटो कधी पाठवणार आहे तो?